बिनवासाचं मलम

दोन बोटं. तर्जनी आणि तिच्या शेजारचं, मुळापासून टोकापर्यंत एकेक रेघ. चेहरा, कान आणि मान मिळून एवढं लागतंच, कमी लावलंत तर न लावल्यातच जमा, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलेलं — आणि नळीतून निघालेली रेघ मधल्या पेरापाशीच तुटली, म्हणून प्रफुल्लने नळी बेसिनच्या कडेवर आडवी ठेवून अंगठ्याने मागून पुढे दाबत आणली. पांढरं, घट्ट, चुन्यासारखं मलम. वास नाही. नाकाला टेकवलं तरी नाही. सुगंधी काहीही या कातडीला सोसत नाही, म्हणून मुद्दाम बिनवासाचं शोधून आणायचं, जस्त असलेलं, कारण बाकीची लावल्या लावल्या आग करतात. आरशात गाल अजून शांत होते. सकाळचे सव्वाआठ. पंख्याखाली झोपून उठलेला चेहरा साडेआठपर्यंत आपला असतो, मग ऊन चढतं आणि तो लोकांचा होतो.

चोळायचं नाही, थापटायचं. नाकाच्या शेंड्यावर बोट आलं तसे त्याने नेहमीसारखे डोळे बाजूला वळवले. तिथली लाली आता बारा महिने उतरत नाही, बाजूला बारीक शिरा दिसतात, गालांवर फोड येतात ते पिकत नाहीत आणि जातही नाहीत. सावळ्या कातडीवर ते लालभडक दिसत नाही म्हणा. काळपट तांबूस, शिजल्यासारखं दिसतं. आणि डोळे, सदा वाळू गेल्यासारखे, पाण्याने भरलेले. शेहेचाळीस वय, तंबाखू नाही, सुपारी नाही, चहाशिवाय कशाचा नाद नाही, आणि तोंड असं की गुत्त्यातलं जुनं गिऱ्हाईक वाटावं.

"अहो, चहा निवला," प्रियांकाने स्वयंपाकघरातून बायकोच्या त्या ठरलेल्या सुरात हाक दिली. निवला म्हणजे झाला. वाफाळता चहा पोटात गेला की गाल पेटतात, तेव्हा घरात गार, ऑफिसातही गार. प्रफुल्ल पालिकेच्या पाणी खात्यात सुपरवायझर. दिवसभर रस्त्यावरच्या पाइपलाइनींपाशी उभं राहायचं. हाताखाली व्हॉल्व्ह फिरवणारा नाथा परवा सगळ्यांदेखत म्हणाला, "साहेब, गरम चालत नाय काय? कालची उतरली नाय वाटतं." सगळे हसले. प्रफुल्लही हसला. नाथाच्या बोलण्यापेक्षा त्या स्वतःच्या हसण्याची चीड त्याला अजून येत होती... का हसलो मी? समोरच्याला वाईट वाटू नये म्हणून? माझ्या थोबाडावर तो थुंकला आणि मी त्यालाच रुमाल पुढे केला.

आज वैशाख पौर्णिमा. बाळकुमच्या विहारात या दिवशी पंचशील देण्याचं काम अकरा वर्षं त्याच्याकडे आहे. तो एकेक शील म्हणतो आणि मागून दीडशे माणसं म्हणतात. शिबिर करून, परीक्षा देऊन तो बौद्धाचार्य झाला. वस्तीतली लग्नं त्याने लावली, बारशी केली, मेलेल्यांच्या घरी जाऊन वंदना घेतली. पण गेल्या दोन वर्षांत वस्तीत सात लग्नं झाली आणि त्यांतलं एकच त्याच्याकडे आलं. बाकीच्यांनी कल्याणहून माणूस आणला. कारण कुणी सांगितलं नाही. आणि गेल्या रविवारी कमिटीच्या बैठकीत राजरत्न, कमिटीचा अध्यक्ष, शाळेत याच्याच बाकावर बसायचा तो, घसा साफ करून म्हणाला, "प्रफुल्ल, यंदा ऊन फार आहे रे. तुला त्रास होतो. नव्या पोरांना दे ना चान्स."

उन्हाची काळजी! पाचांतलं शेवटचं शील मद्याचं आहे. नशा आणणाऱ्या प्रत्येक गोष्टीपासून मी दूर राहीन — हे या तोंडाने म्हटलेलं त्यांना नको झालं होतं, दुसरं काय. प्रफुल्लने टेबलाची कड धरून सांगितलं, पंचशील मीच देणार, फक्त नऊला सुरू करा, ऊन चढायच्या आत आटपू. वंदनेला डोकं उघडं ठेवायचं आणि दोन्ही हात जोडायचे. टोपी चालत नाही, छत्री धरायला तिसरा हात नाही. राजरत्न बरं म्हणाला. आज ती जागा सुटली तर पुन्हा मिळणार नाही, हे त्या बैठकीत बसलेल्या प्रत्येकाला कळत होतं, आणि सगळे बिस्किटं खात होते.

पांढरा सदरा, पांढरा लेंगा चढवून तो बाहेर आला तेव्हा आई दाराशी खुर्ची टाकून बसलेली. मंजुळाबाई, वय अठ्ठ्याहत्तर. पांढरं लुगडं, कान अजून तिखट. तो पायांपाशी वाकला तसं तिने त्याचं तोंड दोन्ही हातांत धरलं आणि बघत राहिली.

"चुना कशापायी फासलास तोंडाला?"

"ऊन लागतं, आई. औषध आहे ते."

"ऊन लागतं," ती म्हणाली. हात काढून घेतले. "तुझा बापबी हेच म्हनायचा."

छत्री उघडून तो रस्त्याला लागला. प्रियांकाची जांभळी छत्री. काळी उष्णता ओढते म्हणून ही, आणि पुरुषाने नऊच्या आधी जांभळी छत्री घेऊन चालावं याचं नवल करायला रस्त्यावर माणसं काही कमी नव्हती. नव्या टॉवरच्या काचांवरून ऊन उलटं अंगावर येत होतं. छत्री वरून राखते, समोरून येणाऱ्याला काय करणार? तुझा बापबी हेच म्हनायचा... म्हणायचे. खरंच म्हणायचे. दगडू ओव्हाळ, त्याचे अण्णा, खाडीकडच्या मिठागरावर मजूर. "मिठाचं ऊन वरनंबी लागतं आन खालनंबी," संध्याकाळी दारात उभे राहून सांगायचे, नाक लाल, गाल लाल, डोळे लाल, आणि चाळीतली माणसं हसायची. हसणारच. मिठागरावर पन्नास मजूर होते, बाकीच्यांना नव्हतं लागत ते ऊन?

अण्णा प्यायचे. त्यात लपवण्यासारखं काही नाही. प्रफुल्ल सात-आठ वर्षांचा असेपर्यंतचं सगळं त्याला लख्ख आठवतं: फुटलेली बरणी, आईच्या दंडावरचा वळ, गटाराच्या कडेला सापडलेली अण्णांची एक चप्पल. मग अशाच एका पौर्णिमेला विहारात अण्णा पुढे जाऊन उभे राहिले, पाचवं शील मोठ्याने म्हणाले, आणि मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. त्या दिवसापासून सोडली, असं ते म्हणायचे. पण तोंड तसंच राहिलं. उलट वाढलं. मग आई रोज संध्याकाळी, ते दारात आले की, चुलीपाशी बसूनच सांगायची, "जा, बघ." आणि दहा वर्षांचा प्रफुल्ल जायचा. अण्णा आपणहून गुडघ्यावर बसायचे, तोंड उघडायचे, म्हणायचे, "घे बाळा. घे वास." तो परत येऊन सांगायचा, "येतोय." आई ताट उचलून बाहेर गॅलरीत ठेवायची. त्या रात्री अण्णा गॅलरीतच. आत्याच्या, आवडाबाईच्या, लग्नात त्यांना मांडवात पुढे बसू दिलं नाही. तो सोळा वर्षांचा असताना छातीत कळ येऊन गेले, तेही गॅलरीतच.

वास यायचा. यायचाच. त्या वासाच्या तिटकाऱ्यावर तर प्रफुल्लने स्वतःला उभं केलं होतं: शील घेतलेला माणूस खोटं बोलतो म्हणजे काय, हे त्याने घरात पाहिलं होतं, आणि आपण तसं एक दिवसही व्हायचं नाही असं ठरवून तो मोठा झाला होता. आणि आता तेच तोंड मला. बापाचं कातडं बापाला शोभलं तरी. मी काय केलं होतं?

माजिवड्याच्या त्या दवाखान्यात दोन वर्षांपूर्वी डॉक्टर क्षिप्रांनी पहिल्यांदा रोझेशिया हे नाव सांगितलं. त्याआधी तीन डॉक्टर झाले होते. एकाने गजकर्णाचं मलम दिलं, एकाने ॲलर्जी म्हटलं, एकाने दार लावून हळूच विचारलं, रोज किती घेता? क्षिप्रांनी भिंग लावून पाहिलं. गोऱ्या लोकांचा आजार म्हणतात, पण आपल्याकडेही असतो, फक्त सावळ्या रंगात कुणी ओळखत नाही, असं त्या म्हणाल्या. ऊन सांभाळा, ऊनच सगळ्यात जास्त चेतवतं. दर दोन तासांनी मलम पुन्हा लावा, घामाने जातं. मग लिहिता लिहिता विचारलं, घरात कुणाला होतं का असं, नाक, गाल, डोळे? तो म्हणाला, "वडील तसेच दिसायचे. पण ते प्यायचे." त्यांनी मान वर केली नाही. "पिणाऱ्यांनाही होतो, न पिणाऱ्यांनाही होतो," एवढंच म्हणाल्या. न पिणाऱ्यांनाही! त्या वाक्यातला आपल्या कामाचा तुकडा उचलून तो किती हरखला होता. तसं लिहून द्या म्हणाला. त्यांनी हसून लेटरहेडवर लिहून दिलं, की या आजाराचा मद्यपानाशी संबंध असेलच असं नाही. तो कागद कपाटात पडून आहे. दाखवणार कुणाला? मी दारुडा नाही असा दाखला जो खिशात घेऊन हिंडतो, त्याच्याकडे लोक आधी संशयानेच बघणार.

नऊला तो विहारात हजर होता. कार्यक्रम सुरू व्हायला पावणेबारा झाले. प्रमुख पाहुणे टेंभी नाक्यावरून निघाले होते, मग माजिवड्याला अडकले होते, मग पुन्हा निघाले होते. राजरत्न फोन कानाला लावून येरझाऱ्या घालत होता आणि प्रफुल्लकडे बघायचं टाळत होता. मांडव पांढऱ्या कापडाचा. त्यातून ऊन गाळल्यासारखं खाली उतरत होतं, आणि झेंड्यापाशी, जिथे उभं राहून पंचशील द्यायचं, तिथे कापडही नव्हतं. प्रफुल्ल बोधिवृक्षाच्या सावलीचा तुकडा धरून उभा होता. तुकडा सरकत होता, तोही सरकत होता. कानशिलापासून घाम निघाला आणि त्याबरोबर मलम मानेवर उतरू लागलं. आधी चुरचुर, मग ठसठस. अकरा वाजून गेले होते. दोन तास कधीच झाले होते.

पुन्हा लावायचं तर कुठे? समोर बायका बसल्या होत्या, मुलं होती. पुरुषाने चारचौघांत खिशातून नळी काढून गालांना क्रीम थापटायचं... तो विहाराच्या मागे गेला, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला. भिंतीकडे तोंड केलं, लोकांकडे पाठ. खिशातून नळी काढली, झाकण दातांनी उघडलं, मान वर करून घाईघाईने लावलं, ओठांच्या बाजूला आलेलं मनगटाने पुसलं. नळी खिशात सारून वळला तर टाकीपलीकडे राजरत्न उभा. हातात फोन, फोनवर कुणी नाही. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "पाहुणे आले," राजरत्न म्हणाला आणि निघून गेला.

आणि मग कळलं. पाठीमागून ते कसं दिसलं असेल ते प्रफुल्लला टाकीपाशी उभ्या उभ्या, एकेक हालचाल करत कळलं — आडोसा, खिसा, वर केलेली मान, पुसलेलं तोंड. धावत जाऊन नळी दाखवावी? अरे राजा, हे बघ, मलम आहे, हुंगून बघ, वासही नाही... वास नाही! त्याला हसू आलं, कडूजहर. कुणाला पटवायला एखादा वास तरी असायला हवा होता या मलमाला, गुलाबाचा, चंदनाचा, कशाचाही.

तो झेंड्यापाशी उभा राहिला. डोकं उघडं, हात जोडलेले. बाराचं ऊन. पहिलं शील त्याने म्हटलं, मागून दीडशे गळ्यांनी म्हटलं. दुसरं. तिसरं. गाल असे तापले होते की त्याच्याच श्वासाची झळ त्याला लागत होती. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि पुसायला हात मोकळे नव्हते. चौथं, खोटं न बोलण्याचं. पाचव्याच्या आधी तो थांबला. थांबायचं नव्हतं, घसा कोरडा पडला. त्या एवढ्याशा अवकाशात पुढच्या रांगेतल्या सगळ्या नजरा वर आल्या, त्याच्या नाकावर टेकल्या आणि खाली गेल्या. मागच्या रांगेत कुणी हसेल म्हणून त्याने कान दिले. कुणी हसलं नाही. त्याने पाचवं शील मोठ्याने, हवं त्याहून जास्त मोठ्याने म्हटलं, आणि लोकांनी ते नेहमीसारखं त्याच्यामागून म्हटलं.

झालं. खिरीसाठी रांग लागली तेव्हा राजरत्न जवळ आला. "जयभीम, प्रफुल्ल." मिठी मारली. वर्षानुवर्षं पौर्णिमेला मारतो तशीच, पण गाल गालाजवळ आल्यावर तो क्षणभर थांबला आणि नाकाने श्वास आत ओढला. लहानसाच. दुसऱ्या कुणाला कळलाही नसता. मिठीतून सुटल्यावर राजरत्नच्या तोंडावर जरासा गोंधळ होता. हवं ते सापडलं नव्हतं. प्रफुल्ल त्याच्याकडे बघत राहिला: आता बोल. आता तरी म्हण. राजरत्नने त्याच्या पाठीवर थोपटलं. "काळजी घे रे," आवाज उतरवून म्हणाला. "पायलकडे बघ. पोरगी दहावीला गेली तुझी. पुढच्या वर्षी आपण नव्या पोरांना देऊ, काय?"

वास आला नव्हता. आला नव्हता आणि तरीही त्याचं ठरलं होतं. आधीच ठरलं होतं.

घरी येताना छत्री उघडायची राहिली, हे जिना चढताना त्याच्या लक्षात आलं. प्रियांका आणि पायल विहारातच खीर वाढायला थांबल्या होत्या. घरात आई एकटी. तो पंख्याखाली बसला, गार पाण्यात पिळलेला पंचा तोंडावर घेतला, आणि पंच्याच्या आतल्या ओल्या अंधारात त्याच्या मनात एकच गोष्ट फिरत राहिली — वास न येता ठरतं. पंचा काढला तेव्हा आई समोर येऊन उभी होती, त्याच्याकडे बघत.

"आई, इकडे ये. माझ्या तोंडाचा वास घे."

"काय?"

"घे ना. बघ येतो का."

"वास कशाला घ्यायचा?" मंजुळाबाई म्हणाली. "तोंड दिसतंय की."

तिच्या आवाजात राग नव्हता. नवऱ्याच्या तोंडावर जे वर्षानुवर्षं बघितलं तेच पुन्हा बघतेय, एवढंच होतं. म्हणजे हीसुद्धा. सकाळी दोन्ही हातांत तोंड धरून हीसुद्धा तेच बघत होती. त्याला ओरडावंसं वाटलं. आणि ओरडायला तोंड उघडलं तर निघालं भलतंच.

"आणि अण्णांचा? त्यांचा तर यायचा ना?"

आई पलंगाच्या कडेला टेकली.

"म्या कवा घेतला वास? त्या मानसाच्या जवळ जायाची भीती बसली हुती मला. तू जायचास. तू सांगायचास येतोय म्हनून, मंग मी ताट भायेर ठिवायची." तिने लुगड्याचा पदर सारखा केला. "बारकं पोर खोटं कशाला बोलंल?"

ती उठून खिडकीचा पडदा ओढायला गेली. त्याच्यासाठीच, ऊन आत येत होतं.

येतोय. मी सांगायचो, येतोय. प्रफुल्लने डोळे मिटून तो वास शोधायला घेतला. दारातला संध्याकाळचा उजेड होता, अण्णांचे गुडघे वाजायचे ते होतं, मिठाने फाटलेली हाताची बोटं होती, उघडलेलं तोंड, एक पडका दात. तोंड लाल, डोळ्यांत पाणी. मागे चुलीपाशी आई, तिची नजर पाठीत. आणि मी त्या तोंडापासून हातभर लांब. हातभरच; त्याच्या पुढे कधी गेलोच नाही. श्वास... श्वास घेतला होता का मी? छाती गच्च धरलेली आठवते, पाण्यात बुडी मारताना धरतात तशी, भीतीने म्हणा, किळसेने म्हणा, आणि मग धावत आत येऊन सोडलेला तो श्वास, आणि त्याच्याबरोबर निघालेला शब्द. पण रोज नाही. रोज तसं नसेल झालं. एखाद्या दिवशी घेतलाच असेल. एखाद्या दिवशी तो आलाही असेल, उग्र, आंबूस, सात-आठ वर्षांचा असताना यायचा तसाच. का नाही येणार, माणूस पिणारा होता, सगळी चाळ सांगायची... गाल जळत होते. त्याने पंचा पुन्हा तोंडावर ओढून घेतला. ज्या वासाचा त्याने जन्मभर तिटकारा केला तोच वास तो आता जीव तोडून आठवायला बघत होता, आणि तो आठवत नव्हता. आणि आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटत होतं की त्या संध्याकाळी आपला बाप प्यालेला असू दे, रोज नाही तर निदान एखाद्या दिवशी तरी.